चौसष्ट बिल्ले आणि खिडकीची बॅग

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाची कल्याणहून भिजतच डोंबिवलीला आली आणि पाठीवरची बॅग उतरवून तिनं सरळ माझ्या शिवणयंत्रावर ठेवली. फिकट जांभळी, बदामाच्या आकाराची पारदर्शक खिडकी असलेली बॅग. खिडकीतून दिसाव्यात म्हणून लावलेल्या एनॅमल पिनांपैकी, म्हणजे रंग भरलेल्या धातूच्या छोट्या चित्रबिल्ल्यांपैकी, सात सुटून तळाशी गोळा झाल्या होत्या. उरलेल्या माना टाकल्यासारख्या खाली झुकल्या होत्या. पट्ट्यावर बाहेरून लावलेल्या दोन पिना तर लोकलमध्येच कुठे तरी गेल्या. तिनं हात पुढे केला, तर बोटांवर तीन-चार ओरखडे. वही काढताना आतून टोकं लागली होती.

"मावशी, मोठी बॅग शिवून देशील? याच्यात मावत नाहीये."

बॅगा शिवून द्यायचं काम मी घरूनच करते, त्यामुळे मागणी नवी नव्हती. पण बॅग लहान पडली हे तिचं निदान मला पटलं नाही. ती उलटी करून पाहिली तेव्हा कळलं की पिना पातळ अस्तराच्या कापडात थेट खोचल्या होत्या आणि ते कापड वरच्या शिवणीपासून खाली पडद्यासारखं लोंबत होतं. हीच बॅग दुप्पट मोठी असती, तर पडदाही दुप्पट लोंबला असता. आम्ही काय काय केलं, त्यातलं काय चुकलं आणि शेवटी कशावर थांबलो, ते मी इथे सविस्तर लिहिते आहे. पिना जमवणारी मुलं-मुली आपल्याकडे वाढताहेत आणि शिवणाऱ्यांकडे अशी कामं येऊ लागली आहेत.

भाचीनं हे खूळ जपानकडून घेतलं. तिथे अशा बॅगेला 'इता-बॅग' म्हणतात. 'इताइ' म्हणजे दुखणारं, वेदना देणारं. आवडत्या पात्रांच्या चित्रांनी नखशिखान्त रंगवलेल्या गाड्यांना आधी 'इताशा' म्हणत, त्यावरून बॅगेचं नाव आलं. बघणाऱ्याच्या डोळ्यांना टोचेल इतकी सजवलेली, असा काहीसा भाव. टोकियोत अकिहाबारा आणि इकेबुकुरो हे भाग या चाहत्यांचे अड्डे. तिथली पद्धत अशी, की एकाच पात्राचा एकच पत्र्याचा बिल्ला डझनांनी घ्यायचा आणि ओळीनं लावून खिडकी काठोकाठ भरायची. मध्ये एखादा मोठा, भोवती फितीच्या झालरी. सगळे बिल्ले एकाच मापाचे, एकाच वजनाचे, म्हणून मांडणी शिस्तीत बसते. भाचीचं तसं नाही. तिच्या संग्रहात जपानी मालिकांतली पात्रं आहेत, ट्रेकला गेल्याच्या खुणा आहेत, मैत्रिणीनं दिलेलं मांजर आहे, एक वडापावही आहे. मापं वेगळी, वजनं वेगळी, मागचे खिळे वेगळे. जपानी बॅगेचा साचा तिला जसाच्या तसा चालणार नव्हता, हे आम्हाला फार लवकर कळायला हवं होतं.

आधी जमिनीवर चादर

बॅगेचा विषय बाजूला ठेवला आणि चादर अंथरून सगळं ओतायला सांगितलं. घरी ठेवलेलंही तिनं दुसऱ्या दिवशी आणलं. मोजून चौसष्ट नग भरले. त्यांत 34 एनॅमल पिना, 12 पत्र्याचे गोल बिल्ले आणि 18 जुने रशियन बिल्ले. हे रशियन बिल्ले माझ्या वडिलांचे, म्हणजे तिच्या अण्णाआजोबांचे. त्यांच्याकडे नंतर येते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. एनॅमल पिना साधारण दहा-दहा ग्रॅमच्या, सगळ्या मिळून 340 ग्रॅम. गोल बिल्ले 115 ग्रॅम. रशियन मात्र हलके, अठरा मिळून 74 ग्रॅम, आणि त्यातलं निम्मं वजन फक्त चार बिल्ल्यांचं. म्हणजे नुसत्या एनॅमल पिना लावल्या तरी एक सेंटिमीटरभर टाक्यांवर टांगलेल्या पातळ कापडानं पाव किलोहून जास्त धातू धरायचा होता. अस्तर लोंबणारच.

मग फ्रिजवरचं चुंबक घेतलं. हा सोपा प्रयोग प्रत्येकानं करावा असं मला मनापासून वाटतं. ज्या पिनेला चुंबक चिकटतं ती लोखंडाची, वर मुलामा. जी चिकटत नाही ती पितळ, तांबं किंवा जस्ताच्या मिश्रधातूची. आमच्या 34 पैकी 11 चिकटल्या. त्यांच्या मागे खिळ्याच्या मुळाशी नखानं खरवडलं, तर चार पिनांना आत्ताच तांबूस गंज दिसला. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात लोखंडाच्या पिनेची कड उघडी राहिली की गंज धरायला वेळ लागत नाही. त्या अकरा पिनांवर मागून ठिपका दिला, म्हणजे पुढे त्या ओळखू येतील.

मिन्याचे प्रकारही तेव्हाच वेगळे केले. मूळ मीना म्हणजे काचेची पूड धातूच्या कप्प्यांत भरून भट्टीत वितळवलेली. हल्लीच्या बहुतेक पिनांत काच नसते, रंगीत राळेसारखा रंग कमी उष्णतेवर पक्का केलेला असतो. त्यातही दोन तऱ्हा. एका तऱ्हेत रंग धातूच्या रेघांच्या पातळीला घासून सपाट केलेला असतो, तिला हार्ड एनॅमल म्हणतात. दुसरीत रंग रेघांच्या खाली बसलेला असतो, बोट फिरवलं की रेघा हाताला लागतात, ती सॉफ्ट एनॅमल. सपाट पिनेवर ओरखडा पडला की लगेच दिसतो. खोलगट पिनेत धूळ आणि ओल बसते. दोन्ही शेजारीशेजारी घासल्या, तर खोलगटाची धातूची रेघ सपाटाचा चेहरा ओरबाडते. जांभळ्या बॅगेत हेच झालं होतं. मांजराच्या गालावरचा चरा शेजारच्या किल्ल्याच्या बुरुजानं पाडला होता.

बॅग निवडताना

तीन पर्याय समोर होते. मोठी खिडकी असलेली तयार पाठपिशवी, खिडकी लावलेला झोळा, किंवा खांद्यावर तिरकी घ्यायची चौकोनी पेटीसारखी बॅग. भाचीचा ओढा पाठपिशवीकडे. झोळा मी लगेच बाद केला. झोळ्याला स्वतःचा आकार नसतो, आत डबा आणि पाण्याची बाटली गेली की त्याचं पोट पुढे येतं आणि पिना खिडकीवर दाबल्या जातात. तयार पाठपिशव्या दोन दुकानांत हातात घेऊन पाहिल्या. खिडक्या छान होत्या, पण प्लास्टिक आणि मागचं कापड यांच्यात बोट जेमतेम शिरत होतं. पिनेचा चेहरा आणि मागची टोपी मिळून सेंटिमीटरभर जागा लागते, ती कुणी सोडलेलीच नव्हती.

तिचा रोजचा प्रवास मी नीट विचारून घेतला. सकाळी कल्याणहून गर्दीची लोकल, दादरला उतरायचं, संध्याकाळी परत. महिलांच्या डब्यात बॅग पुढे घेऊन उभं राहायचं. म्हणजे खिडकी बाहेरच्या बाजूला, आणि समोरच्या बाईची पाठ, पर्स, छत्री हे सगळं त्या खिडकीवर रेटलेलं. हे ऐकल्यावर मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. बॅगेचा पुढचा भाग ताठ आणि सपाट हवा, भिंतीसारखा. आणि खिडकीवर गर्दीत ओढून घ्यायला झाकण हवं.

झाकणावरून आमचं वाजलं. "मग दाखवायचं काय, मावशी? झाकायला का शिवून घेतेय मी?" ती खरंच रडवेली झाली. मी सांगितलं, झाकण वर शिवते, नको तेव्हा मागे उलटून टिचबटणांनी बॅगेच्या माथ्यावर बसव. गर्दीत तेवढं खाली घे. ती कबूल झाली, पण झाकणाचं कापड तिच्या आवडीचं असावं या अटीवर. मोरपंखी रंग तिनं निवडला.

शेवटी पेटीसारखी पाठपिशवी मी स्वतःच बेतली. जाड कॅनव्हास, आत नायलॉनचं अस्तर, पुढे तीन सेंटिमीटर खोलीचा वेगळा कप्पा, त्याला स्वतंत्र चेन. वह्यांच्या कप्प्याचा आणि पिनांच्या कप्प्याचा एकमेकांशी संबंध नाही. खिडकीचं माप 26 बाय 22 सेंटिमीटर. हे माप कुठून आलं ते सांगते, कारण मला ते काढताना मजा आली. तिचे गोल बिल्ले 58 मिलिमीटर व्यासाचे. एकाला सहा सेंटिमीटर जागा धरली, तर आडवे चार आणि उभे तीन असे बाराच्या बारा 24 बाय 18 मध्ये बसतात. चारी कडांना मोकळी जागा सोडून 26 बाय 22. एनॅमल पिना सरासरी तीन सेंटिमीटरच्या, मध्ये सहा मिलिमीटर अंतर धरलं तर कागदावर बेचाळीस मावतात. प्रत्यक्षात लांबुडक्या, तिरक्या पिना असतात, म्हणून सव्वीस. चौसष्ट नग एका वेळी दाखवायचे नाहीत, खिडकीमागे पिना टोचायच्या सपाट पाट्या करून त्या बदलायच्या, हे त्या आकडेमोडीतूनच ठरलं. एक पाटी पिनांची, एक बिल्ल्यांची.

खिडकीचं प्लास्टिक

जेवणाच्या टेबलावर अंथरायचं पारदर्शक प्लास्टिक बहुतेक घरांत असतं. त्यावर वर्तमानपत्र काही दिवस पडून राहिलं तर अक्षरं उलटी उमटतात, आणि काही वर्षांनी ते पिवळं आणि चिकट होतं. बाजारात खिडकीसाठी मिळतं तेही त्याच जातीचं, मऊ पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलासारखं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं. नाणी जमवणारे लोक पीव्हीसीच्या पाकिटांना घाबरतात ते यासाठीच. अशा पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर चढतो. जांभळ्या बॅगेत तीन पिना खिडकीला टेकलेल्या होत्या, आणि त्या तिन्हींचा रंग बोटाला चिकट लागत होता. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्यानं पुसल्या, लगेच कोरड्या केल्या. दोन सुधारल्या, तिसरीची चकाकी गेली ती गेलीच.

टीपीयू नावाचं दुसरं पारदर्शक प्लास्टिक या कामाला जास्त चांगलं, त्यात असं द्रव्य मिसळावं लागत नाही. मला हव्या त्या जाडीत ते सुटं मिळालं नाही. उल्हासनगरच्या बाजारातून अर्ध्या मिलिमीटर जाडीचं पीव्हीसीच आणलं आणि पिना त्याला कधीच टेकणार नाहीत अशी रचना करायची ठरवली.

हे प्लास्टिक शिवताना टाचण्या लावू नयेत, पडलेलं भोक बुजत नाही. मी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरते. टाका मोठा ठेवायचा, चार मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका घातला तर तिकिटावरच्या छिद्रांसारखी ओळ तयार होते आणि तिथूनच फाटतं. मशीनचा पाय प्लास्टिकवर अडकतो, त्याच्याखाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवलं आणि नंतर फाडून काढली. कोपरे काटकोनात न ठेवता वाटी ठेवून गोल कापले.

पाटी

सगळं काम खरं इथे आहे. बॅग दिसते, खिडकी दिसते, पाटी दिसत नाही, आणि पिना धरून ठेवते ती पाटीच. माझी पहिली पाटी चुकली, म्हणून तीही सांगते.

पाटी ताठ हवी म्हणून मी पाच मिलिमीटर जाडीचा ईव्हीए नावाचा रबरासारखा घट्ट फोम घेतला, वर फेल्ट शिवलं. पिना टोचल्या, सुंदर उभ्या राहिल्या. मागे टोप्या लावायला गेले तर बसेनात. पिनेचा मागचा खिळा साधारण आठ मिलिमीटरचा असतो. सहा मिलिमीटर पाटीतच संपले, मागे उरलं दोन मिलिमीटर टोक, आणि पितळी फुलपाखरू टोपीची पकड त्याच्याही आत असते. जोर देऊन फोम दाबला की टोपी बसायची, हात काढला की फोम फुगून तिला ढकलून द्यायचा. रात्रभरात नऊ टोप्या निसटल्या. पाच मिलिमीटर खिळा मागे मोकळा राहिला पाहिजे, हे माप मी तेव्हा भिंतीवर लिहून ठेवलं.

दुसरी पाटी दोन मिलिमीटर फोम आणि एक मिलिमीटर फेल्टची केली. खिळ्याला हवी तेवढी जागा मिळाली, पण आता पाटी ताठ राहीना. ताठपणा पिना धरणाऱ्या थरातच असायला हवा असं मी धरून चालले होते, ते सोडून दिलं. पिना धरायला पातळ थर. त्याच्यामागे सेंटिमीटरभर मऊ स्पंज, त्यात टोप्या आणि टोकं रुततात. त्याच्याही मागे ऑफिस फाईलच्या कव्हराचं जाड प्लास्टिक, ज्यातून काहीच आरपार जात नाही. तीन थर कडेनं एकत्र शिवले, एक बाजू वेल्क्रोनं उघडी ठेवली, म्हणजे टोप्यांपर्यंत हात पोचतो. पाटी खिडकीपेक्षा दोन सेंटिमीटर मोठी कापली. त्या लपलेल्या कडेवर आठ मिलिमीटर उंचीची फोमची चौकट बसवली, त्यामुळे खिडकीचं प्लास्टिक पिनांपासून दूर राहतं. लोकलमध्ये मधूनच रेटा आला तर प्लास्टिक आत वाकेल म्हणून पाटीच्या मध्यभागी त्याच उंचीचे तीन ठोकळे, वरून त्याच फेल्टमध्ये मढवलेले. ठोकळे आधी डोळ्यांत येत होते. भाचीनं त्यांच्याभोवतीच पिना मांडल्या आणि एका ठोकळ्यावर तिनं धाग्यानं फूल भरलं.

पाटी कप्प्याला चार कोपऱ्यांत टिचबटणांनी लागते. गोंद मी कुठेच वापरला नाही. बंद कप्प्यात गोंदाचा वास कोंडून राहतो, आणि मुलाम्याजवळ तो नको वाटतो. फेल्टही लोकरीचं घेतलं नाही. लोकरीत गंधक असतं, त्यानं चांदी काळवंडते, आणि तिच्या दोन पिनांना चांदीचा मुलामा आहे. साधं कृत्रिम धाग्याचं फेल्ट घेतलं. पाटीच्या मागे पावसाळ्यापुरती सिलिका जेलची दोन पुडकी ठेवते, बुटांच्या खोक्यात येतात तीच.

टोप्यांबद्दल थोडं. फुलपाखरू टोप्या स्वस्त आणि सैल होत जातात. रबरी टोप्या जास्त घट्ट, पण झिजल्या की घसरतात. कुलूप टोप्या येतात, छोट्या षट्कोनी चावीनं आवळायच्या. सव्वीसही पिनांना त्या लावायची गरज नव्हती, कारण पिना आता बंद कप्प्यात होत्या. परत मिळणार नाहीत अशा सहा पिनांना कुलूप टोप्या, बाकीच्यांना नव्या रबरी. एकच खिळा असलेल्या पिना गोल फिरतात, मांजर सकाळी सरळ आणि संध्याकाळी उलटं. त्यांच्या खाली फोमची छोटी चकती घातली, टोपी आवळली की चकती दाबून धरते.

मांडणी

माझी मांडणी दुकानाच्या काउंटरसारखी झाली, सरळ ओळी, समान अंतर. भाचीनं ती पाहिली आणि एका वाक्यात माझी चूक दाखवली. "मावशी, सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत." खरंच होतं. डाव्या कडेच्या पात्रांचे चेहरे डावीकडे, उजव्या कडेचे उजवीकडे. नजर खिडकीबाहेर पळत होती. तिनं कडेची पात्रं आतल्या बाजूला बघतील अशी लावली, आणि पाटी एकदम जमून आली. चाळीस वर्षांपूर्वी रांगोळी काढायला शिकताना आईनं मोरांबद्दल हेच सांगितलं होतं, मी विसरले होते.

वजनाबद्दल मात्र तिनं माझं ऐकलं. जड पिना खालच्या तिसऱ्या भागात. चालताना पाटीचा वरचा भाग जास्त हलतो, तिथे हलक्या राहिल्या तर त्या डोलत नाहीत. सर्वांत मोठी पिन मध्यावर न ठेवता थोडी खाली डावीकडे. लोखंडाच्या अकरापैकी गंज लागलेल्या चार घरी ठेवल्या, उरलेल्या चेनपासून लांब लावल्या, कारण पावसाचं पाणी शिरलं तर चेनच्या बाजूनंच शिरणार.

फेल्टच्या रंगावर दोन संध्याकाळी गेल्या. काळ्यावर सोनेरी रेघांच्या पिना झळाळत, पण काळ्या रेघांच्या नऊ पिनांच्या कडाच नाहीशा होत. पांढऱ्यावर सगळंच भडक. बदामी रंग दोघींना चालला.

टोचण्याआधी पाटीच्या मापाचा कागद घेऊन त्यावर पिना ठेवून पेन्सिलीनं कडा काढल्या, खिळ्यांच्या जागी ठिपके दिले, फोननं फोटो घेतला. मग तो कागद पाटीवर ठेवून दाभणानं भोकं पाडली, खिळ्यापेक्षा किंचित बारीक. फेल्टमधलं चुकीचं भोक चोळलं की बुजतं, फोममधलं बुजत नाही. कागदाची ही पायरी गाळली असती, तर पाटीची चाळण झाली असती.

अण्णांचे बिल्ले

पवईची आयआयटी 1958 साली सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. यंत्रं तिकडून आली, तज्ज्ञही आले. अण्णा तिथल्या कार्यशाळेत तरुणपणी कामाला लागले. रशियन माणसाच्या खिशात बिल्ले असायचेच, असं ते सांगत. ओळख झाली की छातीवर एक लावून देत. तिकडे त्यांना 'झ्नाचोक' म्हणतात, आणि शहर, कारखाना, खेळ, अंतराळयान, कशाचेही निघत. अण्णांनी अठरा जपले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात. बिल्ला म्हटलं की आपल्याला हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला किंवा कंडक्टरचा नंबर आठवतो. अण्णांच्या बिल्ल्यांवर मात्र गागारिन होता, रॉकेट होतं, लहानग्या लेनिनचा चेहरा असलेला लाल तारा होता.

भाचीला ते सगळे बॅगेवर हवे होते. मला एकही नको होता. आमच्यात चार दिवस अबोला म्हणावा इतपत ताण होता, आणि मी लिहिताना तो वगळणार नाही, कारण अशा बॅगेत सर्वांत अवघड निवड हीच असते.

तिचं म्हणणं साधं होतं. "आजोबांनी ते छातीवर लावून घेतले होते ना? मग डब्यात ठेवून कुणाला दिसणार?" मी तिला बिल्ले उलटे करून दाखवले. अठरांपैकी चौदा ॲल्युमिनियमचे, वर लाखेसारखा रंग. मागे खिळा नाही, आडवी सेफ्टी पिनेसारखी सुई आहे, आणि तिचा आकडा नखानं उघडतो. रंग आधीच कडांना उडालेला. रोजच्या हादऱ्यात हे टिकणार नाहीत. तिनं एक हातात घेतला, सुई आपोआप उघडली. त्यावर ती काही बोलली नाही.

राहिले चार जड. पितळी, खरा भाजलेला मीना, काचेचा. त्यातल्या दोहोंच्या मागे आट्यांचा खिळा आणि गोल नट. नट आवळला की ते कोणत्याही हल्लीच्या पिनेपेक्षा घट्ट बसतात. काच पडली तर तडकते, पण ओलीनं तिचा रंग बिघडत नाही. म्हणजे टिकण्याच्या दृष्टीनं हे दोन बॅगेत जायला अगदी लायक. पण पाठीवरची बॅग चोरीला गेली तर? मांजराची पिन पुन्हा मिळेल, अण्णांच्या हातचा बिल्ला नाही.

शेवटी आईला विचारलं. ती चौऱ्याऐंशीची आहे. तिनं डबा मांडीवर घेतला, प्रत्येक बिल्ला वर करून पाहिला. लाल तारा तिनं बाजूला ठेवला, तो ती कुणाला देणार नाही म्हणाली. आट्यांच्या दोहोंपैकी रॉकेटचा उचलला आणि नातीच्या तळहातावर ठेवला. "हा ते लग्नाच्या आदल्या महिन्यात लावून आले होते. हा ने. बाकीचे माझ्यामागे."

तेरा ॲल्युमिनियमच्या बिल्ल्यांसाठी मी बदामी फेल्टचीच तिसरी पाटी केली, सुया टाक्यांनी बांधून टाकल्या. ती भिंतीवर काचेच्या चौकटीत आहे, उन्हापासून दूर, देवघराच्या अलीकडे. चौदावा इतका झिजलाय की तो कापसातच बरा.

तीन महिन्यांनंतर

सप्टेंबरच्या शेवटी बॅग पुन्हा उघडून तपासली. पाटीवरून एकही पिन सुटलेली नव्हती. तीन रबरी टोप्या सैल वाटल्या, बदलल्या. चकाकी गेलेल्या त्या पिनेशिवाय कुठलीही चिकट लागली नाही. सिलिका जेलची पुडकी ओली झाली होती, तव्यावर मंद आचेवर कोरडी करून परत ठेवली. झाकणाचं एक टिचबटण कापडासकट उपटलं होतं. तिथे आतून रेक्झिनचा तुकडा लावायला हवा होता, तो मी आळसानं लावला नव्हता. पुढच्या बॅगेत सगळ्या टिचबटणांना लावेन. कप्प्याची चेन उजव्या कोपऱ्यात अडते, कारण तिथे चौकटीचा फोम जरा पुढे आलाय, तो दोन मिलिमीटर छाटला.

बॅगेचं वजन भरल्या पाटीसह नऊशे ग्रॅमला जरा कमी. वह्या आणि डबा घातल्यावर तिला जड होते, असं ती आता सांगते. ट्रेकच्या पिना कमी करून पाटी हलकी करायचा तिचा विचार आहे. गोल बिल्ल्यांची दुसरी पाटी ती फक्त सुट्टीत, मैत्रिणींना भेटायला जाताना लावते.

रॉकेट खाली डावीकडे आहे, मोठ्या पिनेच्या जागी. त्याचा नट मी पकडीनं आवळलाय, हातानं सुटत नाही. दादरच्या पुलावर एका म्हाताऱ्या बाईंनी थांबवून हे कुठलं ग, असं विचारलं, आणि भाचीनं गाडी चुकवून त्यांना पवईची सगळी हकिकत सांगितली. घरी आल्यावर तिनं आजीला फोन केला तेव्हा मी भाजी चिरत होते. आजीनं पलीकडून एवढंच विचारलेलं ऐकू आलं, "वाकडं तर झालं नाही ना ते?"